जपानी पारंपरिक हस्तकलांचं प्रदर्शन पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की तोक्योतली मराठी मंडळी आणि जपानच्या सहलीची तिकिटं काढून बसलेले लोक साधारण हेच प्रश्न पाठवतात. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. आधी अगदी सुरुवातीचे, मग पाहण्याबद्दलचे आणि शेवटी खरेदी, कस्टम्स वगैरे अडनिडे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे प्रदर्शन नेमकं कोणतं? जपानमध्ये तर अशी ढीगभर असतात.

असतात, पण लोक विचारतात ते बहुतेक वेळा 'निहोन देन्तो कोगेइ तेन', म्हणजे जपान पारंपरिक हस्तकला प्रदर्शन. ते १९५४ मध्ये सुरू झालं आणि २०२३ मध्ये सत्तरावं भरलं. जपान सरकारचा सांस्कृतिक व्यवहार विभाग, सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके, 'आसाही शिंबुन' हे वृत्तपत्र आणि कलावंतांची संस्था 'निहोन कोगेइ काइ' हे त्याच्या मुख्य आयोजकांत आहेत. दर सप्टेंबरमध्ये ते तोक्योच्या निहोनबाशी भागातल्या मित्सुकोशी या दुकानाच्या मुख्य इमारतीत सातव्या मजल्यावर जवळजवळ दोन आठवडे असतं. तिथून ते देशभर फिरतं आणि शेवटचे मुक्काम पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या.

२. दुकानात प्रदर्शन? म्हणजे हा सेल आहे का?

सेल नाही. जपानमध्ये मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कलाप्रदर्शनं भरवण्याची जुनी पद्धत आहे आणि हे तर परीक्षकांनी निवडलेल्या कलाकृतींचं प्रदर्शन आहे. मित्सुकोशीची सुरुवात १६७३ मध्ये 'एचिगोया' या कापडाच्या पेढीने झाली आणि तिची निहोनबाशीची इमारत २०१६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित झाली. वर जाण्याआधी मधल्या चौकात दोन मिनिटं थांबा. तिथली १९६० सालची प्रचंड रंगीत लाकडी अप्सरा कित्येक मजले उंच आहे.

घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. याच दुकानांत वर्षभर 'शोकुनिन तेन', म्हणजे कारागिरांचे विक्रीमेळे, भरत असतात. तिथे कारागीर समोर बसून काम करतात आणि वस्तू विकतात. तेही छान असतात, पण ते हे प्रदर्शन नव्हे.

३. तिकीट किती?

मित्सुकोशीतल्या प्रदर्शनाला प्रवेश मोफत असतो. पुढच्या मुक्कामांपैकी जे संग्रहालयांत असतात तिथे बहुधा तिकीट पडतं. शेवटच्या दिवशी दुकानातली प्रदर्शनं नेहमीपेक्षा लवकर बंद करतात आणि संग्रहालयांत बंद होण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून आत घेत नाहीत. संध्याकाळी ऑफिसमधून धावत जाणाऱ्यांचा हिरमोड होतो तो यामुळे.

४. आम्ही निशी-कासाईला राहतो. कसं जायचं?

तुमच्याइतकं सोपं कुणालाच नाही. तोझाई लाइन पकडा आणि न बदलता निहोनबाशी स्थानकावर उतरा. बाहेर येऊन उत्तरेकडे निहोनबाशीचा १९११ सालचा दगडी पूल ओलांडला की पाचेक मिनिटांत मित्सुकोशी येतं. पाऊस असेल तर गिंझा किंवा हान्झोमोन लाइनच्या 'मित्सुकोशीमाए' स्थानकातून थेट तळघरातून आत जाता येतं.

५. 'पारंपरिक' म्हणजे जुन्या वस्तू बघायला मिळतील ना?

नाही, आणि हे समजून गेलात तर प्रदर्शन दुप्पट कळेल. इथली प्रत्येक वस्तू नवी असते, हयात माणसाने नुकतीच घडवलेली आणि आधी कुठेही न मांडलेली. परंपरा आहे ती तंत्राची आणि मालाची. हाताने काढलेला राळेसारखा चीक, खाणीतली माती, बांबूची चिरफाळी, रेशमाचा धागा आणि त्यांवर शतकानुशतकं घासून तयार झालेली कामाची रीत. आकार, नक्षी, रंग हे ज्याचे त्याचे. जुन्या भांड्याची हुबेहूब नक्कल करून इथे निवड होत नाही. म्हणून काही वस्तू पाहून 'हे तर आधुनिक दिसतंय' असं वाटतं. तसं वाटलं तर ती वस्तू आपलं काम चोख करते आहे असं समजा.

जुन्या वस्तू पाहायच्या असतील तर उएनोचं तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय किंवा प्रश्न १३ मधली ठिकाणं पाहा.

६. आत काय काय असतं? आणि वेळ किती ठेवायचा?

सात विभाग असतात: मातीकाम, वस्त्रं, उरुशी (झाडाच्या चिकाचा लेप दिलेल्या वस्तू, प्रश्न १५ पाहा), धातुकाम, लाकूड व बांबू, बाहुल्या आणि सातवा 'इतर', ज्यात काच, मीनाकारी, रत्नकाम, सोन्याच्या वर्खाचं काम असं सगळं येतं. तोक्योत एकूण पाचशेहून जास्त कलाकृती असतात. सगळ्या नीट पाहायच्या म्हटलं तर दिवस पुरणार नाही. दोन तास ठेवा, एकदा सगळीकडून न थांबता फिरून या, मग दोनच विभाग निवडा आणि उरलेला वेळ तिथे द्या. पुरस्कार मिळालेल्या वस्तूंसमोर गर्दी असते. तिथे रांगेत उभं राहण्यापेक्षा कोपऱ्यातल्या शांत वस्तूकडे आधी जावं, असं माझं मत आहे.

७. नुसतं 'छान आहे' म्हणून पुढे सरकतो. बघायचं काय असतं?

सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत चांगला प्रश्न. विभागागणिक उत्तर वेगळं आहे.

*किमोनो* टी-आकाराच्या आडव्या दांडीवर हात पसरून टांगलेले असतात. आधी आठ-दहा पावलं मागे जा. संपूर्ण अंगावर पसरलेलं चित्र तिथूनच दिसतं. मग जवळ या. युझेन या कापड रंगवण्याच्या पद्धतीत रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून चित्राच्या रेघा आधी भाताच्या खळीने बारीक काढतात. रंगवून, वाफवून, धुतल्यावर ती खळ निघून जाते आणि मागे पांढरी, धाग्याएवढी रेघ उरते. ती रेघ शोधा. कानाझावाकडच्या कागा युझेनमध्ये पानांवर किडीने खाल्लेली भोकं मुद्दाम रंगवलेली दिसतील. क्योतोच्या युझेनमध्ये सोनं आणि भरतकाम जास्त असतं. विणलेल्या किमोनोंत 'कासुरी' दिसली, म्हणजे कडा किंचित थरथरल्यासारखी नक्षी, तर ती छापलेली नाही. विणण्याआधीच धागे जागोजाग बांधून रंगवलेले असतात. पाटण पटोला किंवा पोचमपल्ली पाहिलेल्या डोळ्यांना हे लगेच ओळखू येईल.

*उरुशीच्या* वस्तूंसमोर सरळ उभं राहू नका, डावीकडून उजवीकडे हळूहळू सरका. शिंपल्याची जडावट, म्हणजे 'रादेन', कोन बदलला की हिरव्याची गुलाबी होते. 'माकि-ए'मध्ये ओल्या उरुशीने चित्र काढून त्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात. एका प्रकारात पुन्हा उरुशीचा थर देऊन कोळशाने घासत घासत ते सोनं वर आणतात. अशा डब्यावर चित्र आणि पृष्ठभाग एकाच पातळीत असतात, उंचवटा अजिबात नसतो. झाकण आणि डबा यांच्यामधली फटही पाहा. चांगल्या कामात ती चारही बाजूंनी सारखी असते.

*बांबू* पाहताना काड्यांची जाडी पाहा. एकाच टोपलीत जाड, चपट्या आणि केसासारख्या काड्या एकाच माणसाने चाकूने काढलेल्या असतात. काही टोपल्यांचा तपकिरी रंग रंगवलेला नसतो. जुन्या गवती छपराच्या घरांत चुलीच्या धुराने शंभरेक वर्षं धुरकटलेला बांबू वापरतात, त्याला 'सुसुदाके' म्हणतात. तशी घरं पाडली जातात तेव्हाच तो मिळतो. म्हणून तो दिवसेंदिवस दुर्मीळ होतो आहे.

*धातूमध्ये* ठोकून केलेलं, ओतलेलं आणि कोरलेलं असे तीन मुख्य प्रकार आहेत. ठोकलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला पाहा, हातोडीचा मार्ग तिथे वाचता येतो. *बाहुल्यांचे* चेहरे शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचे अनेक थर देऊन, घासून गुळगुळीत करतात. 'इतर' विभागात 'किरिकाने' चुकवू नका. सोन्याचा वर्ख एकावर एक तापवून जोडतात, बांबूच्या सुरीने केसाइतका बारीक कापतात आणि दोन कुंचल्यांनी चिकटवतात. एका कुंचल्यावर वर्ख, दुसऱ्यावर डिंक.

मातीकामाबद्दल प्रश्न १४ मध्ये आणखी आहे.

८. पाट्या जपानीत असतात. काय वाचायचं?

पाटीवर साधारण तंत्रासह कलाकृतीचं नाव, कलावंताचं नाव आणि त्याचा प्रांत असतो. इंग्रजी असेलच असं नाही. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपसाठी कॅमेरा उघडण्याआधी प्रश्न १० वाचा. पुरस्कार आणि 'मानवी राष्ट्रीय ठेवा' (प्रश्न ९) या दोन खुणा कशा दिसतात ते दाराशीच विचारून घ्या, मग बाकी पाट्यांवाचून फारसं अडत नाही. कलावंत स्वतः दालनात उभे राहून कलाकृती समजावून सांगतात असे कार्यक्रमही असतात. ते जपानीत असतात, पण ज्या वस्तूकडे बोट जातं तिथे पाहत राहिलं तरी खूप मिळतं.

९. 'मानवी राष्ट्रीय ठेवा' म्हणजे काय? हा पुरस्कार आहे का?

पुरस्कार नव्हे, जबाबदारी आहे. सांस्कृतिक संपत्ती संरक्षणाचा कायदा १९५० चा. १९५४ च्या दुरुस्तीने आजची व्यवस्था आली आणि १९५५ पासून माणसं नेमली जाऊ लागली. कायद्याच्या भाषेत ते 'महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपत्तीचे धारक', 'निंगेन कोकुहो' हे लोकांनी दिलेलं नाव. मान मिळतो तो विशिष्ट तंत्रासाठी. त्या व्यक्तीला वर्षाला २० लाख येन मिळतात ते तंत्र सांभाळण्यासाठी आणि शिष्य घडवण्यासाठी. एका वेळी किती जण असू शकतात यालाही मर्यादा आहे. व्यक्ती गेली की तिचं नामांकन संपतं, ते वारशाने मुलाकडे जात नाही. अगदी पहिल्या वर्षीच्या नावांत कुंभार हामादा शोजी आणि माकि-एचे मात्सुदा गोनरोकु होते. नोह, काबुकी, बुनराकु या नाट्यप्रकारांतले कलावंतही याच व्यवस्थेत येतात.

१०. फोटो काढता येतात का?

प्रवेशाशी लावलेली खूण पाहा आणि शंका असेल तर विचारा. एकाच इमारतीत एक दालन चालतं आणि दुसरं चालत नाही असंही होतं. परवानगी असली तरी फ्लॅश, व्हिडिओ, तिपाई आणि सेल्फी स्टिक बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. जिथे मनाई आहे तिथे भाषांतरासाठी कॅमेरा धरलात तरी कर्मचारी येऊन थांबवतील, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. सगळ्या कलाकृतींचे फोटो असलेलं जाडजूड सूचिपत्र विकत मिळतं, ते घ्या.

११. बॅग, छत्री, पेन यांचे काही नियम?

टिपणं पेन्सिलीने काढा. संग्रहालयांत शाईचं पेन चालत नाही आणि मागितलं तर पेन्सिल देतात. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या किंवा लॉकरमध्ये टाका. बऱ्याच संग्रहालयांत लॉकरला १०० येनचं नाणं लागतं आणि ते परत मिळतं. ओली छत्री दाराशीच ठेवायची किंवा पिशवीत घालायची. जुन्या लाकडी इमारतींत बूट काढावे लागू शकतात, म्हणून मोजे घालून जा.

१२. हात लावून बघता येईल अशी जागा कुठे आहे?

या प्रदर्शनात नाही. त्यासाठी तोक्योत आओयामा-इच्चोमे स्थानकाजवळचं 'आओयामा स्क्वेअर' गाठा. प्रवेश मोफत आहे, वस्तू विकत मिळतात आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतले कारागीर आळीपाळीने येऊन काम करून दाखवतात.

इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आओयामात ज्या वस्तू आहेत त्या १९७४ च्या वेगळ्या कायद्याखाली उद्योग मंत्रालयाने मान्य केलेल्या आहेत. सध्या अशा २४० हून जास्त हस्तकला आहेत. अट अशी की वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्यतः हाताने केलेली हवी, तंत्र आणि कच्चा माल साधारण शंभर वर्षांपासूनचे हवेत आणि त्या भागात ते काम करणारे पुरेसे लोक हवेत. म्हणजे निहोनबाशीला एकेका कलावंताचं काम दिसतं, आओयामाला गावाचं. माझ्या मते दोन्ही पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

हातात घेताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. उरुशीवर अंगठीचा ओरखडा कायमचा राहतो. विचारून, दोन्ही हातांनी आणि टेबलापासून फार वर न उचलता घ्या.

१३. आमची सहल एप्रिलमध्ये आहे, साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या वेळी. मग सगळं हुकलं का?

हे प्रदर्शन हुकलं, हस्तकला नाहीत. आओयामा स्क्वेअर आहेच. तोक्योत कोमाबाला 'निहोन मिंगेइ-कान' हे लोककला संग्रहालय आहे. यानागि सोएत्सु यांनी ते १९३६ मध्ये उघडलं. निनावी माणसांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंचं सौंदर्य हा त्यांचा ध्यास होता. तिथे पाट्यांवर माहिती अगदी थोडी असते. आधी पाहा, मग जाणून घ्या, हा यानागिंचा आग्रह होता. सोमवारी बंद असतं आणि दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळातही, म्हणून तारीख पाहूनच जा.

कानाझावाला जात असाल तर राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय नक्की. ते पूर्वी तोक्योत होतं, ऑक्टोबर २०२० मध्ये कानाझावाला आलं. मेइजी काळातल्या दोन लष्करी इमारती जोडून ते उभं केलं आहे. प्रश्न ९ मधल्या मात्सुदा गोनरोकुंची कामाची खोली तिथे जशीच्या तशी मांडली आहे. एवढ्याशा जागेत बसून एवढं काम कसं होत असेल हे तिथे उभं राहिल्यावर समजतं. केनरोकुएन बाग जवळच आहे. तोक्योहून शिनकान्सेनने साधारण अडीच तास लागतात.

१४. पुण्यात ओकायामा बाग पाहिली आहे. ओकायामाला गेलो तर काय पाहायचं?

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या बागेवरून घेतलं ती कोराकुएन बाग तिथे आहे. ओकायामाचं प्रांतीय कलासंग्रहालय हा या प्रदर्शनाच्या फिरत्या मुक्कामांपैकी एक आहे. तारखा जुळल्या तर एकाच दिवसात दोन्ही पायी होतात.

पण ओकायामाचं खरं लेणं बिझेनची माती. बिझेनच्या भांड्यांना झिलई देत नाहीत, रंगवतही नाहीत. भट्टीत लाल पाइनचं सरपण घालत आठवडा-दोन आठवडे आग धगधगती ठेवतात आणि १२०० अंशांवर नक्षी भट्टीच काढते. उडालेली राख वितळून तिळासारखे ठिपके पडतात. भांड्याभोवती गवताची काडी गुंडाळली असेल तर तिच्या जागी लालभडक पट्टा उमटतो, त्याला 'हिदासुकि' म्हणतात. भट्टीत कोणतं भांडं कुठे ठेवायचं यातच कुंभाराचा हात दिसतो. ओकायामाहून आको लाइनने इंबे स्थानकावर उतरलात की समोरच कुंभारांच्या दुकानांची रांग आहे. तिथे भांडी हातात घेऊन पाहता येतात.

१५. उरुशी म्हणजे आपली लाखच ना? आणि तिने पुरळ उठतं म्हणतात ते खरं का?

लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते, उरुशी झाडापासून. सावंतवाडीच्या लाखकामामुळे आपल्याकडे हा समज चटकन होतो. उरुशीचं झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की उन्हाळ्यापासून शरदापर्यंत खोडावर चिरा देत चीक गोळा करतात. एका झाडातून साधारण २०० ग्रॅम मिळतो, मग झाड तोडतात आणि बुंध्यातून नवा कोंब येतो. जपानी उरुशीचा मोठा भाग इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातून येतो. वापरातली बहुतांश उरुशी मात्र चीनहून येते.

ती वाळते तेही नवलाचं. उन्हात ठेवून चालत नाही. कोमट आणि दमट कपाटात, साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रतेत, तिच्यातलं विकर (एन्झाइम) हवेतला प्राणवायू घेऊन तिला घट्ट करतं. कपडे वाळत नाहीत अशा कोकणातल्या श्रावणात उरुशी मजेत वाळेल.

पुरळ खरं, पण कच्च्या उरुशीचं. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पूर्ण घट्ट झालेल्या वाडग्यातून खाणं-पिणं सुरक्षित असतं. अगदी नव्या, वास येणाऱ्या वस्तूला काही काळ हवेशीर ठेवावं आणि बिब्बा किंवा काजूच्या सालीची ॲलर्जी असेल त्यांनी उरुशी लावायच्या कार्यशाळेत जाऊच नये.

१६. प्रदर्शनातली वस्तू विकत घेता येते का? भाव करावा का?

दुकानातल्या मुक्कामी काही कलाकृती विक्रीला असू शकतात, काउंटरवर विचारा. प्रदर्शन पुढे फिरायचं असतं, म्हणून वस्तू लगेच हातात मिळेल असं धरू नका. घासाघीस करू नका. इथे ती अपमानासारखी लागते. परवडत नसेल तर आओयामात (प्रश्न १२) किंवा गावातल्या दुकानात त्याच तंत्रातली चहाची वाटी, चॉपस्टिक्सची जोडी, रुमाल मिळतो आणि तोही खरा असतो.

वस्तूबरोबर लाकडी खोका मिळाला आणि त्यावर कलावंताची सही-शिक्का असेल तर तो जिवापाड जपा. त्या खोक्याशिवाय वस्तूची ओळख निम्मी होते.

१७. खरी उरुशी की प्लास्टिक, कसं ओळखायचं? आत्याने जपानहून आणलेला वाडगा आहे.

नव्या वस्तूंना सोपं आहे. जपानमध्ये घरगुती वस्तूंच्या लेबलांचा कायदा आहे आणि अशा भांड्यांवर आतला गाभा कशाचा आणि वरचा लेप कशाचा हे वेगवेगळं लिहावं लागतं. लेबलचा फोटो काढून भाषांतर करा. गाभा 'नैसर्गिक लाकूड' आणि लेप 'उरुशी' असेल तर खरं. लेप 'युरेथेन' किंवा गाभा 'कृत्रिम राळ' असेल तर दिसायला सारखं, पण काम वेगळं. लाकूड खरं आणि लेप युरेथेनचा अशी जोडीही सर्रास असते, म्हणून दोन्ही ओळी वाचा.

आत्याच्या वाडग्याला लेबल नसणार. गरम पाणी घालून हातात धरा. लाकडी गाभा हात भाजू देत नाही. काठाला साच्याची बारीक रेघ असेल तर तो साच्यातला. याने लाकूड कळतं, लेप नाही. त्यासाठी जाणत्यालाच दाखवावा लागेल.

१८. घरी वापरू का? आमच्याकडे हळद, तेल, सगळं असतं.

वापरा, वापरण्यासाठीच केलं आहे. उरुशीच्या वाडग्यात वरण, आमटी, सूप चालतं, फक्त गॅसवरून उतरलेलं उकळतं ओतू नका. मऊ स्पंज आणि कोमट पाणी. तारेची घासणी, राख, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह आणि थेट ऊन वर्ज्य. मुंबईची दमट हवा उरुशीला मानवते. नागपूरचा मे महिना किंवा चोवीस तास एसीची खोली मात्र लाकूड आकसवते आणि लेपाला तडे जातात. कपाटात जवळ एक पाण्याची वाटी ठेवा.

हळदीचा प्रश्न मातीच्या भांड्यांना आहे. बिझेनसारखी बिनझिलईची आणि भेगाळलेल्या झिलईची भांडी रंग आणि तेल शोषतात. वाढण्याआधी भांडं काही मिनिटं पाण्यात बुडवून ठेवलं तर डाग कमी पडतात. नवं भेगाळ भांडं एकदा तांदळाच्या धुवणात मंद उकळून घ्यावं. पोर्सेलीनच्या, म्हणजे आरिता किंवा कुतानीसारख्या भांड्यांना ही भीती नाही. पण सोनेरी काम असेल तर मायक्रोवेव्ह नको.

१९. फुटलं तर सोन्याने सांधता येतं ना?

येतं. खऱ्या 'किंत्सुगी'त उरुशीने सांधतात आणि वरून सोन्याची पूड देतात. प्रत्येक थर घट्ट व्हायला वेळ लागतो (प्रश्न १५), त्यामुळे आठवडे, कधी महिने जातात. तासाभराच्या कार्यशाळेत आणि स्वस्त संचात बहुधा कृत्रिम गोंद असतो. शोभेच्या वस्तूला चालेल. ज्यातून खायचं-प्यायचं त्याला वापरण्याआधी गोंद कोणता ते विचारा.

२०. दुकानदाराने हस्तिदंताची वस्तू दाखवली. कायदेशीर आहे म्हणाला. घेऊ का?

नको. जपानमध्ये देशांतर्गत विक्री कायदेशीर असू शकते, प्रदर्शनाच्या 'इतर' विभागात रंगवून कोरलेल्या हस्तिदंताचं 'बाचिरु' कामही येतं. पण आंतरराष्ट्रीय करार आणि भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांमुळे ती वस्तू भारतात आणता येणार नाही. कासवाच्या कवचाच्या कंगव्यांचं, पिनांचं तसंच. पाहा, दाद द्या, घेऊ नका.

बाकी वस्तूंची पावती हाताशी ठेवा आणि भारतात उतरताना शुल्कमुक्त मर्यादेचा ताजा आकडा कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. नाजूक वस्तू हातातल्या सामानातच.

२१. करमुक्त खरेदी मला लागू होते का? मी तोक्योत नोकरी करतो.

तुम्हाला नाही. ही सवलत अल्पकाळच्या भेटीवर आलेल्यांसाठी आहे. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना ती मिळत नाही. पाहुण्या आई-बाबांना मिळते, पण खरेदी त्यांच्या पासपोर्टवर त्यांनी करायची आणि वस्तू त्यांनी देशाबाहेर न्यायची. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुकानातच १० टक्के कर वगळतात. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरायचा आणि निघताना विमानतळावर तपासणी झाली की परतावा, अशी पद्धत सुरू होते. त्या तारखेनंतर वस्तू बॅगेत खोल पॅक करू नका.

२२. लहान मुलं किंवा व्हीलचेअरवरची आजी बरोबर असेल तर?

मित्सुकोशीत लिफ्ट आहे, व्हीलचेअर आणि बाबागाडी नेता येते. शनिवार-रविवार आणि शेवटचा दिवस टाळा. मुलांना बाहुल्या आणि बांबूपासून सुरुवात करून द्या, 'यात काय लपलंय ते शोध' म्हटलं की पुष्कळ वेळ तग धरतात.

२३. भूकंपानंतर वाजिमाचं काम मिळतं का? की थांबलं?

थांबलेलं नाही, पण घाव मोठा आहे. वाजिमा हे नोतो द्वीपकल्पावरचं, उरुशीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात वाजिमाच्या सकाळच्या बाजाराचा भाग जळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पुन्हा तडाखा दिला. वाजिमाची भांडी टिकाऊ असतात, कारण लाकडाच्या नाजूक जागी कापड चिकटवून त्यावर तिथल्याच मातीची भाजलेली पूड मिसळलेले थर देतात. हे काम एका माणसाचं नसतं. लाकूड कातणारा, खालचे थर देणारा, वरचा थर देणारा, सोन्याचं कोरीव काम करणारा, असे सगळे वेगवेगळे. त्यातला एक जरी गाव सोडून गेला तरी बाकीच्यांचं काम अडतं. म्हणून तुमच्या खरेदीने फरक पडतो. आओयामात आणि कानाझावाच्या दुकानांत वाजिमाचं काम मिळतं. घेताना ते कोणत्या कार्यशाळेचं आहे हे विचारा आणि वाजिमाला जायचं असेल तर वाहतूक आणि मुक्कामाची सोय आधी पक्की करूनच निघा.